सिनेमातला नितीनचा फोन

श्रीरामपुरात आमच्या शेजारी मालनबाई राहतात. कारभारींच्या किराणा दुकानात त्या धान्य निवडतात. त्यांचा नितीन मुंबईला गेला, तिथे एका टोळीत शिरला आणि त्र्याण्णव साली पोलिसांच्या गोळीने गेला. त्याआधी तीन वर्षं तो घरी आला नव्हता. दुकानातल्या फोनचा नंबर त्याच्याकडे होता, म्हणून मालनबाई सूप घेऊन फोनशेजारीच बसायच्या. फोन काय तुमच्या पोरानं घेऊन दिलाय का, असं कारभारी चिडवायचे. पण तिथून उठा असं कधी म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी त्या टोळीवरच्या सिनेमाचे लेखक मुंबईहून आले. सगळं खरंखुरं दाखवायचंय म्हणाले. मालनबाईंनी सांगितलं, नितीन दूधभाकरीवर शेंगदाण्याची चटणी भुरभुरायचा, खोटं बोलताना कान ओढायचा. मग त्यांनीच विचारलं, मुंबईत तो जेवायचा कुठे? लेखकांना ते ठाऊक नव्हतं. पोलिसांच्या कागदात तसलं काही नसतं.

यंदा सिनेमा आमच्या टॉकीजला लागला. मी त्यांच्यासोबत गेले. पडद्यावरच्या मुलाने चटणी भुरभुरली, कान ओढला. मालनबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. पुढे, मरायच्या आदल्या दिवशी तो गावच्या दुकानात फोन लावतो. घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही.

त्र्याण्णव साली नेमक्या त्या दिवशी मालनबाई सोनईला भाचीच्या हळदीला गेल्या होत्या.

टॉकीजमधून त्या थेट दुकानात गेल्या. असा फोन आलाच नाही, कारभारी गळ्याची शपथ घेऊन सांगत राहिले.

"चटणी खरी, कान खरा, मग फोनच तेवढा खोटा कसा?" एवढं बोलून त्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाईनाशा झाल्या.

शेवटी त्यांनी माझ्याकडून लेखकांना पत्र लिहवून घेतलं. आठवड्याने उत्तर आलं. फोनचा प्रसंग आम्ही रचलेला आहे, त्याची कुठेही नोंद नाही, क्षमस्व, असं लेखकांनी लिहिलं होतं. माझाही मुलगा मुंबईला शिकतो, पंधरा दिवसांत त्याची चिठ्ठी नाही. तरी ते वाचून मला हायसं वाटलं. हळदीला गेल्याचं ओझं आता त्यांच्या मनावरून उतरेल, असं वाटून मी त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मालनबाईंनी पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली.

"म्हंजी त्यानं केलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "मी उचलला नसता तरी चाललं आसतं वो, ताई. त्यानं करायला पायजे हुता."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सिनेमा अजून आहे का. गुरुवारपर्यंत होता.

गुरुवारी आम्ही परत गेलो. फोन वाजायला लागला तशा त्या पुढे सरकून बसल्या. घंटा थांबली आणि त्या उठल्या. पुढचं त्यांना बघायचं नव्हतं.