सुई न देणारे डॉक्टर

पेशंट दारात दिसला की आमचे डॉक्टर पायाने स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी बसा. मरायला अजून वेळ आहे." बाहेरच्या माणसाला हे उद्धट वाटेल. कुंडलजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात लोक हसायचे. मी तिथे नर्स होते.

आमच्या भागात टोचल्याशिवाय औषध झालं असं कुणी मानत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. डॉक्टर मात्र सर्दीतापाला गोळ्याच द्यायचे. एक म्हातारी दंड उघडा करून अडून बसली.

"सुई दिल्याबिगर मी उठायची न्हाई."

"मग जेवण इथंच मागवू. भाकरी की चपाती?"

अर्ध्या तासाने ती शिव्या देत उठली.

एका सकाळी निवृत्त सुभेदार छाती धरून आले. बायको आणि मुलगा बरोबर. अंग घामाने भिजलेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळी चावायला लावली. रुग्णवाहिका लांब होती. ते मुलाला म्हणाले, "अटॅक आहे. तुमच्याच गाडीने थेट सांगली गाठा. कुठं थांबायचं नाही."

"आन् सुई?"

"सुईचं काम नाही. निघा."

गाडी निघाली आणि पुढच्याच गावात थांबली. तिथे एक बिनडिग्रीचा डॉक्टर होता. त्याने सुई दिली, सलाईन लावलं. बाटली निम्मी झाली तेव्हा सुभेदार गेले.

तेरावं झाल्यावर त्यांची बायको आली. "आवं डाक्टर, एक सुई टोचली असती तर तुमचं काय गेलं असतं? पोराला वाटलं, तुमी नुसतं वाटंला लावलं. म्हणून त्यो तिथं थांबला."

ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बाई बरोबर बोलल्या. साधी ताकदीची सुई दिली असती, तर माझं ऐकून ते सांगलीला पोचले असते."

मी समजूत घालणाऱ्यांतली नाही. शिवाय ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते मागेल त्याला सुई देऊ लागले. भरून मी हातात द्यायचे, टोचायचे ते. रांग वाढली, त्यांचं बोलणं आटलं. वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली.

निरोपाला शाल, श्रीफळ झालं. सरपंच म्हणाले, "सुरवातीला वाटलं, ह्या मानसाला डाक्टरकीच येत न्हाई. पन आता असा हात पुन्हा गावायचा न्हाई!" टाळ्या पडल्या. डॉक्टर बुटांकडे बघत होते. बायकांत सुभेदारांची बायको दंड चोळत बसली होती. तिला त्यांनी सकाळीच टोचलं होतं.