पल्लवी आली, चपला आत घ्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता आई नाही. ज्याचे बूट होते त्या माझ्या भावाला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे — आणि दमले आहे, म्हणूनही.

मी तशी व्यवस्थित बाई. पतसंस्थेत नोकरी करते, घर सांभाळते, आणि आमच्या भावकीतली लग्नं बहुतेक माझ्याच हातून पार पडतात. बस्ता, आचारी, मानपान, कोण कुठल्या गाडीत बसणार — सगळं कागदावर उतरवायचं आणि झालं की रेघ मारायची. "आक्काला विचारा" हे वाक्य मी इतक्या मांडवांत ऐकलंय की मला त्याची सवय झालीय. आवडही लागलीय. खोटं कशाला बोलू?

विनू माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याचं सगळं मीच केलं. तो शिरोलीला फाउंड्रीत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांबरोबर स्टेजवर नाचायचा. एकदा त्यानं मोबाईलवर परदेशातले कुणी पुरुष नाचताना पाहिले. त्यांच्या पायांत बूट होते — चवड्याखाली वीतभर उंच थर, आणि मागे काहीच नाही. टाच हवेत. माणूस चवड्यावर उभा. विनूला ते बूट हवेच झाले. विकत कुठे मिळणार? मग त्यानं कागदावर चित्र काढलं आणि आमच्या ओळखीच्या चप्पल करणाऱ्या महादूमामांकडे गेला.

मामांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "आणि टाच कुठाय रं ह्याची?" टाच नसतेच म्हटल्यावर म्हणाले, "मग त्यो बूट न्हाय, खूर हाय." पण त्यांनी केले. कोल्हापुरी चपलेचा तळ शिवतात तसे कातड्याचे थर एकावर एक शिवले. आत बसवायची पोलादी पट्टी विनूनं कारखान्यात वाकवून आणली. पहिल्या जोडात तो तोंडावर आपटला. दुसऱ्यात उभा राहिला. तिसरा जोड जमला — तांबूस, घोट्याशी चपलेला असतो तसा गोंडा, आणि चालताना करकर वाजणारा. त्या मापानं मग मित्रांचेही दोन जोड झाले. तिघं उंचच्या उंच माणसं चवड्यांवर तोलत एकदम वळायची तेव्हा लोक टाळ्या वाजवायला विसरायचे. हे मी पाहिलंय. एकदाच, मागच्या रांगेत बसून. आणि शेवट व्हायच्या आत उठून आले.

का आले? माझ्या मागे कुणीतरी म्हणालं होतं, "ह्यो नाच्या कुणाचा रं?" कोल्हापुरात हा शब्द पुरुषाला लावला की काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तालमीत न गेलेल्या पोराला गल्ली एक वेळ माफ करते. पण बिनटाचेचे बूट घालून कंबर हलवणाऱ्याला? दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकीनं हसत विचारलं, तो नाचतो तो तुमचा भाऊ का हो? आणि मी म्हणाले, लांबचा.

लांबचा! ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, तो. पण हा कबुलीजबाब त्या एका शब्दाचा नाही. तो पुढे आहे.

गडमुडशिंगीच्या सुजातानं त्याला त्याच बुटांत पहिल्यांदा पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता. लग्न ठरलं. कळंब्याच्या बाजूला हॉल घेतला. विनूनं एकच मागणं मागितलं — वरातीत तो आणि त्याचे मित्र बूट घालून नाचणार. मी नको म्हटलं. माझ्या सासरची माणसं येणार, ऑफिसचे साहेब येणार. तो म्हणाला, "आक्का, एकदाच." मी गप्प बसले. त्याला वाटलं, मी हो म्हटलं.

आता पल्लवी. सुजाताची धाकटी बहीण, करवली. कॉलेजात शिकणारी, सडसडीत, तोंडानं फटकळ. नवऱ्यामुलाचे जोडे पळवायचे आणि मानाचं पाकीट घेऊनच परत द्यायचे, हा करवलीचा हक्क. विनूच्या मित्रांनी त्याची मोजडी काढल्या काढल्या बुडाखाली घेतली आणि तिच्याकडे बघून मिशा पिळल्या. मग हिनं काय करावं? सरळ वराच्या खोलीत गेली आणि ते बूट उचलले. पदराखाली धरून माझ्याकडे आली, डोळे मिचकावले आणि कोठीच्या खोलीची किल्ली मागितली. सामानाची खोली माझ्या ताब्यात होती. मी किल्ली दिली. तिनं बूट तांदळाच्या पोत्यामागे ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "आक्का, तुमी आमच्या पार्टीत हां." मी हसले.

किल्ली माझ्याकडे होती — एवढं लक्षात ठेवा. माझ्या तर रोज लक्षात असतं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि अक्षतांच्या पुड्या कमी पडल्या. त्या आणायला मी कोठीत गेले. पुड्या घेतल्या. मग पोतं सरकवलं. बूट तिथे उभे होते — टाच नसूनही उभे, मामांनी तोल असा साधला होता. मला वाटतं, मी थोडा वेळ नुसती बघत राहिले. काही ठरवलं होतं का? नाही. पण माझ्या हातांना कामाची सवय आहे. दाराशी सकाळच्या नाश्त्याच्या पत्रावळ्यांची पोती बांधून ठेवली होती. त्यातलं एक सोडलं, बूट खाली सारले, वर पत्रावळ्या दाबल्या आणि सुतळीनं तोंड बांधलं. गाठ नीट मारली. मला सैल गाठ चालत नाही. मागच्या दाराला कचऱ्याचा टेम्पो लागला होता. त्याला हाक मारून पोती भरायला लावली.

शेवटच्या मंगलाष्टकाला मी मांडवात होते. भावावर अक्षता टाकल्या. हाताला उपीट आणि ओल्या पानांचा वास येत होता.

जेवणं उरकल्यावर पल्लवी माझ्याकडून किल्ली घेऊन ऐटीत बूट आणायला गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. मग शोधाशोध. खोल्या, गाद्या, गाड्यांच्या डिक्क्या. विनू स्वतः ओणवा होऊन टेबलांखाली बघत होता, डोक्याला बाशिंग तसंच. पल्लवी रडत सांगत होती की तिनं ते कोठीत ठेवले होते, कुलूप लावलं होतं. कुणीतरी विचारलं, मग कुलूपबंद खोलीतनं गेले कुठं? सगळे माझ्याकडे बघायला लागले — संशयानं नाही हो, सवयीनं. आक्काला विचारा.

मी म्हणाले, अक्षता घ्यायला मी कोठी उघडली तेव्हा पोत्यामागे काहीच नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी पुढे म्हणाले — आवाज चढवून नाही, समजुतीनं, मोठ्या बहिणीसारखं — "बाळ, दुसऱ्याची वस्तू घ्यावी, पण मग सांभाळता यायला हवी."

किल्ली कुणाकडे होती हे तिला माहीत होतं. ती बोलली नाही. तिची बहीण त्याच दिवशी आमच्या घरी नांदायला येणार होती. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीवर भर मांडवात कोण बोट ठेवील? मला हे तेव्हाच कळलं होतं. त्याच भरवशावर तर मी बोलले.

वरात निघाली. मित्रांनी त्यांचे बूट पिशवीतून काढलेच नाहीत. विनू मोजडी घालून घोड्यावर बसून राहिला. साहेब म्हणाले, कार्य अगदी नेटकं झालं. नंतर मामांनी दुसरा जोड करून देतो म्हणून निरोप धाडला. विनू हसून म्हणाला, राहू दे, आक्काला तसे ते आवडत नव्हतेच. तो पुन्हा नाचला नाही.

इथे थांबले असते तरी पुरे होतं. मी थांबले नाही.

पहिल्या दिवाळीला पल्लवी बहिणीकडे आली. मीही भाऊबीजेला माहेरी होते. दारात तिला बघून सगळे जरा अवघडले. त्या बुटांचा विषय निघणार, असं मला वाटलं — आणि निघाला तर कुठवर जाईल? म्हणून मीच मोठ्यानं म्हणाले, "पल्लवी आली, चपला आत घ्या!"

घर हसलं. तीही हसली. आणि ते वाक्य चिकटलं. दर सणाला, दर बारशाला. घरातली पोरं बोलायला लागली तशी तेच म्हणायला लागली. तिच्या लग्नात सासरच्या माणसांपर्यंत ते पोचलं — कुणी पोचवलं मला माहीत नाही, पण बनवलं कुणी ते माहीत आहे. स्वतःच्या लग्नात तिनं जोडे पळवू दिले नाहीत. नवऱ्याची मोजडी तिनं स्वतः उचलून त्याच्या आईच्या हातात दिली. लोक म्हणाले, किती समजूतदार पोरगी. हळूहळू ती आमच्याकडे कमी यायला लागली. आली तरी चपला उंबऱ्याच्या बाहेर, सगळ्यांच्या चपलांपासून वेगळ्या, भिंतीला लावून ठेवायची. तिच्या सासूबाई अजून घरातलं काही सापडेना की आधी तिला विचारतात, असं सुजाता एकदा ओघात बोलून गेली. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. दर वेळी वाटलं. पण सांगायचं तर बूट, मग किल्ली, मग ते वाक्य, मग एवढ्या वर्षांचं हसणं — एक ओढलं की सगळं निघतं. मी पुढच्या कामाला लागायचे. काम नेहमीच असतं.

गेल्या महिन्यात विनूच्या मुलाचा वाढदिवस झाला. पल्लवी आली होती, बऱ्याच दिवसांनी. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. निघताना बघते तर तिच्या चपला नाहीत. पोरांनी गंमत म्हणून लपवलेल्या. सगळे हसायला लागले, पोरं तर लोळायला लागली. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. शोधलंही नाही. "राहू देत," म्हणाली आणि तशीच अनवाणी जिना उतरून गेली. दुपारची वेळ, खालची फरशी नुसती तापलेली.

पोरांना त्या पाण्याच्या टाकीमागे ठेवताना मी पाहिलं होतं. बोलले नव्हते. आता काढल्या आणि खाली धावले. ती रिक्षात एक पाय टाकून उभी होती. मी वाकून चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिनं त्या घातल्या, पट्टा नीट केला. मग माझ्याकडे बघितलं — अगदी तसंच, त्या दिवशी मांडवात बघितलं होतं तसं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमास्नी घावल्या की लगेच."

"व्हय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि रिक्षा गेली. मी वर आले आणि पोरांनी विस्कटलेल्या बाकीच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या.