घरच्या डब्यातलं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुण्याच्या मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि संध्याकाळी रामघाटावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींना तर नाहीच – त्यांच्या पोटात काही राहत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, ते रोज माझ्यासमोर बसून जेवतात. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच बोलायला जमतंय, असं समजा.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये माझं छोटं भोजनालय आहे. महाकालाच्या दर्शनाला आलेली महाराष्ट्रातली मंडळी पोहे-जिलबीला कंटाळली, की वरण-भात शोधत माझ्याकडे येतात. जाताना बटाटेवडे बांधून नेतात. माझे वडे चांगले असतात – उगाच विनय कशाला दाखवू?

आमचे हे बँकेत होते. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, बागेत जातात. ह्यांनी मक्सी रोडवर एक शेड घेतली आणि हॉटेलांतलं जळकं तेल गोळा करून त्याचं गाड्यांसाठी डिझेल करायला लागले. बायोडिझेल. मी खूप हसले होते. नाकाला पदर लावून शेड बघायला गेले होते. पण ज्या दिवशी आमच्या ओळखीच्या रईसभाईंचा टेम्पो त्यावर पहिल्यांदा सुरू झाला आणि धुराला चक्क भज्यांचा वास आला, त्या दिवशी ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. रईसभाई म्हणाले, "अंकलजी, गाड़ी चल रही है कि नाश्ता बन रहा है?" आणि हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. संसाराला इतकी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी मला हे पुन्हा नव्याने आवडले. खरंच सांगते.

ते काम कसं चालायचं, तेवढं ऐकून घ्या. तेल गाळायचं, तापवायचं, मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून तो मोजून त्यात घालायचा. नीट जमलं तर खाली ग्लिसरीन बसतं आणि वर डिझेल येतं. पण तेलात पाणी राहिलं, किंवा कॉस्टिक जास्त पडलं, तर सगळ्याचा साबण होतो. म्हणून प्रत्येक दुकानाच्या डब्यातलं थोडं तेल हे तळातून काढायचे आणि तापल्या तव्यावर टाकायचे. तडतडलं की समजायचं, पाणी आहे. मग ते आटवत बसायचं. कचोरीवाल्याचं तेल असो नाहीतर मोठ्या हॉटेलाचं, सगळ्यांची परीक्षा व्हायची.

माझ्या डब्याची नाही व्हायची. "घरच्या डब्याला कसला तवा?" म्हणायचे, आणि माझं तेल सगळ्यात शेवटी सरळ ओतायचे. वर सगळ्यांना ऐकवत फिरायचे – आमच्या हिच्याकडे तेल काळं पडायच्या आत कढईतून बाहेर निघतं. मी ते ऐकून मिरवायचे सुद्धा. का मिरवू नये?

आता इथे जरा थांबावंसं वाटतं. पण नको – थांबले तर पुन्हा राहून जाईल.

श्रावणात, महाकालाची पालखी निघते त्या सवारीच्या सोमवारी, उज्जैनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. वड्यांचे घाण्यावर घाणे निघत होते. तेल काळं पडलं होतं, मला दिसत होतं. मी ते काढलं नाही. त्यातच थोडं ताजं ओतलं आणि तळत राहिले. लांबून आलेल्या लोकांना, देवाचं दर्शन घेऊन आलेल्या लोकांना, मी तेच खाऊ घातलं. काढलेलं तेल ज्यात जमा व्हायचं, तो ह्यांचा डबा संध्याकाळी बघितला तर अर्धाही नव्हता. उरलेलं तेल कुठे गेलं, असं ह्यांनी विचारलं तर काय सांगणार होते? कढईत पाणी उकळून ती धुतली आणि ते पाणी डब्यात ओतलं. तेल वर, पाणी खाली. वरून बघणाऱ्याला काय कळतंय! हे आले, डबा उचलला आणि खूश होऊन म्हणाले, "वा, अन्नपूर्णे!"

पाण्याने साबण होतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. जेवताना शंभरदा ऐकलं होतं. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते हाताला बुळबुळीत पांढरं काहीतरी घेऊनच. मोरीत कितीतरी वेळ हात धूत राहिले. म्हणाले, "कॉस्टिक दोनदा घातलं वाटतं मी. आठवतच नाहीये." तेव्हा बोलायचं होतं. शब्द तोंडात आले होते हो. मी विचारलं, चहा ठेवू का?

आणि मग पुढच्या सोमवारी तशाच गर्दीत मी पुन्हा तेल काढलं नाही, पुन्हा डब्यात पाणी ओतलं. का, तर डबा अचानक अर्धा दिसला असता तर मागच्या डब्याचा संशय आला असता! पुन्हा साबण. त्यानंतर पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी ह्यांनी सगळं तपासलं – काटा, थर्मामीटर, दुकानांचे डबे. माझ्या डब्याकडे बोट दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

शेवटी एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

माझे सासरे शेवटी शेवटी सगळं विसरले होते. घाटावर गेले की घरचा रस्ता सापडायचा नाही, कुणीतरी आणून सोडायचं. मुलालाही ओळखायचे नाहीत. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, सगळं ह्यांनीच केलेलं. ज्या गोष्टीची ह्यांना तेव्हापासून धास्ती होती, ती आता आपल्यालाच झाली असं ते समजत होते – आणि ती झालेली नाही, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी वाटीत आमटी वाढली.

इंदूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही नाही म्हणाले. हे म्हणाले, सुरुवातीला डॉक्टरांनाही कळत नाही. शेड देऊन टाकली. ड्रम भंगारात गेले. रईसभाई पुन्हा पंपावर जायला लागले. ह्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. आता कुलूप लावलं की मला विचारतात, लावलं ना मी? गोळी घेतली ना मी? मी प्रेमाने सांगते, हो, घेतलीत. इतक्या प्रेमाने मी पूर्वी कधीच बोलत नव्हते, माझा स्वभाव तसा नाही. हे प्रेमच आहे ना? मलाही सांगता येत नाही.

तेल आता काळं पडायच्या आत काढते. त्याचा आता काय उपयोग?

गेल्या आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली घरी आल्या होत्या. त्यांना कॉलेजच्या कँटीनच्या तेलाचं डिझेल करायचं होतं. "अंकल, आप सिखा दीजिए ना." हे सांगायला लागले – तेल किती तापवायचं, केव्हा ढवळायचं, केव्हा हात आखडता घ्यायचा. एकदाही अडखळले नाहीत. तो जुना चेहरा मी कितीतरी दिवसांनी बघत होते. आणि मग बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाले, "नहीं बेटा. अब मेरा भरोसा नहीं रहा. किसी की गाड़ी खराब हो जाएगी."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. हे पण. मी त्यांच्यापुढे वड्यांची बशी सरकवली.

त्या गेल्यावर ह्यांनी दार लावलं, कडी दोनदा ओढून बघितली आणि मला विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

मी म्हणाले, बरोबर केलंत.