दादांच्या पाठीमागचा डबा

मागच्या सोमवारी आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावहून तिकडच्याच प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला निघालो. गाडी मी चालवत होतो, मागच्या सीटवर दादा आणि वहिनी. त्या प्रवासात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

दादा म्हणजे माझे मोठे भाऊ. उमेदीची सगळी वर्षं राइस मिलमध्ये गेली आणि त्या मशीनच्या धडधडीत कान गेले. आता शेजारी उभं राहून ओरडलं तर एखादा शब्द कळतो... पूर्वी गावच्या भजनी मंडळात मृदंग त्यांच्याकडे असायचा. कान गेले तसं तिथे जाणंही सुटलं.

पण माझ्या जुन्या जीपमध्ये भजन लावलं की त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायची. अगदी बरोबर. मला वाटायचं, भजनं पाठ आहेत, आठवणीनं वाजवत असतील. कोणतं भजन लागलं आहे हे त्यांना कसं कळतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मोठे म्हणून पुढे बसा म्हटलं, तर ऐकायचे नाहीत. "मले मागंच बरं वाटते," एवढंच उत्तर. मागच्या सीटला टेकून माझा बूफरचा, म्हणजे धमक देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा डबा होता, प्लायवूडचा, चांगला मोठा. दादा त्याच बाजूला पाठ टेकून बसायचे.

दसऱ्यानंतर गाडीच्या साउंडमध्ये घूं घूं सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. मी घरीच फ्यूज पाहिला, स्पीकरची वायर बॅटरीच्या वायरपासून लांब नेली, एक वायर नवीन टाकली... काही फरक नाही. शेवटी गोंदियाला एका दुकानात नेली.

दुकानदारानं सीटखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "भैया, दसरे में गाडी अंदर से धोया क्या? अर्थिंग के बोल्ट को जंग लगा है."

धुतली होती. आमच्याकडे दसऱ्याला चाकावर चालणारं सगळं धुऊन पूजेला उभं करतात. धानाचा कोंडा निघावा म्हणून मी आतही पाइप सोडला होता.

पॉलिश पेपरनं बोल्ट घासून वायर पुन्हा कसली असती तर काम झालं असतं. तसं तो म्हणालाही. पण मग त्यानं नवा ॲम्प्लिफायर आणि दाराचे नवे स्पीकर ऐकवले... टाळ वेगळे, पेटी वेगळी, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळत होता. "अब ये डब्बा रखके क्या करोगे? खाली जगह खाता है." मला पटलं. जुना ॲम्प्लिफायर आणि डबा तिथेच देऊन आलो. घरी येईपर्यंत भजन ऐकत होतो. देवाचं नाव इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं.

मग धानाच्या कापणीत दादांना घेऊन कुठे जाणंच झालं नाही. थेट मागचा सोमवार.

गाव मागे पडलं, मी भजन लावलं. थोड्या वेळानं मागून दादांचा मोठा आवाज आला, "गानं लाव ना रे. बंद काऊन ठेवून राहिला?"

वहिनी हसल्या. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "लागलं हाय न जी, कवाचं."

दादांनी वळून सीटच्या मागे हात घातला. रिकामी जागा चाचपली. "डबा कुठं गेला?"

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. वहिनींनी कानांवर हात ठेवले. दादा म्हणाले, "नाही येऊन राहिलं. राहू दे." आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते पाठीनं आयकत होते न. मले वाटलं, तुमी त्यायच्यासाठीच तो डबा तिथं ठेवला."

प्रतापगडला महादेवासमोर हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच गोंदियाला पोचलो. डबा गेला होता. "वो तो उसी हफ्ते निकल गया. सडक अर्जुनी तरफ का कोई ट्रकवाला ले गया." नाव नाही, गाव नाही. मग त्याच्याकडचा सगळ्यात मोठा बूफर घेतला. "बॉडी जरा भी नही हिलेगी," तो अभिमानानं म्हणाला. आमच्या जुन्या डब्याचं प्लाय ढिलं झालं होतं, ते सीटला लागून थरथरायचं. हे आठवलं तेव्हा मी अर्ध्या वाटेवर होतो.

काल दादांना गाडीत बसवलं. भजन लावून हातानं खूण करून विचारलं, येते का?

"येते न. मस्त येते." त्यांची बोटं गुडघ्यावर सुरू झाली.

मी आरशात पाहत होतो. भजन संथ चाललं होतं, बोटं भलत्याच लयीत. जन्मात ठेका न चुकलेला माणूस... भजन संपलं. दुसरं लागायच्या आधी गाडीत क्षणभर शांतता झाली. बोटं चालूच होती.

मी साउंड बंद केला. दादा घर येईपर्यंत वाजवत राहिले, मधूनच आरशात माझ्याकडे बघून हसत.

देवानं असा भाऊ दिला. त्याला काय ऐकू येतं हे एकदा विचारायची बुद्धी मात्र मला उशिरा झाली.