पंख नसलेलं विमान

दापोड्याला टाइल्सच्या आणि बिस्किटांच्या गोदामांमधल्या एका गोदामात आमचं विमान उभं होतं. पंख काढलेले, खुर्च्या गायब, इंजिन मात्र शाबूत. त्याच्यावर आम्ही विमान दुरुस्ती शिकायचो. शेजारच्या बिस्किटांच्या गोदामात आई पॅकिंगला होती. खोके कापायचा कटर ती अंबाड्यात खोचायची आणि म्हणायची, "अंबाड्यातली वस्तू कधी हरवत न्हाय." लेक विमानं दुरुस्त करणार, हे तिने अख्ख्या कोनगावात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे प्रॅक्टिकलला नापास व्हायची सोयच मला उरली नव्हती.

परीक्षेत काम फक्कड झालं. शेवटी हत्यारं फळ्यावर लावायची. प्रत्येक हत्याराची आकृती फळ्यावर रंगवलेली असते. एक जरी रिकामी राहिली, तरी विमान उडायला सोडायचं नाही; हत्यार इंजिनातच राहिलेलं असू शकतं. माझ्या फळ्यावर छोट्या स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी! शेजारच्या फळ्यावर तसाच एक लटकत होता, हात पुरेल इतका जवळ. परीक्षकांची पाठ माझ्याकडे होती.

"सर, एक स्क्रूड्रायव्हर सापडत नाहीये," मी म्हणाले आणि स्वतःच्याच तोंडाचा भयंकर राग आला.

मग काय, सगळं थांबलं. आम्ही सातजण टॉर्च घेऊन जमिनीवर लोळतोय, इंजिनात डोकावतोय. मी रडकुंडीला येऊन चाकाखाली वाकले, आणि टण्ण! स्क्रूड्रायव्हर माझ्याच अंबाड्यातून खाली पडला. घरचं वळण, दुसरं काय! पोरं पोट धरून हसली. मलाही हसू आवरेना, आणि रडूही.

परीक्षक तेवढे हसले नाहीत. "शेजारचा उचलून लावायचं सुचलं नाही?"

"सुचलं होतं, सर."

"मग?"

"माणसं बसणार ना यात."

त्यांनी विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यात? अगं, याला पंख तरी आहेत का!" आणि असे खदखदून हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हसता हसताच त्यांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली एक ओळ जोडली: 'केस टोपीत बांधणे.'

मी तशीच धावत बिस्किटांच्या गोदामात गेले. आईने सगळं ऐकलं, अंबाड्यातला कटर चाचपला आणि म्हणाली, "मंग? हरवला का? न्हाय ना!"