बसलेले प्रोटॉन

नातीला परदेशातल्या एका संशोधन गटात जागा हवी होती. पहिल्या मुलाखतीत ती अडकली, तरी त्यांनी मोठ्या मनाने सोमवारी पुन्हा वेळ दिली. रविवारी दुपारी ती कुकटपल्लीहून आमच्या अंबरपेठच्या घरी आली ती तोंड पाडूनच.

"कुठे अडकलीस?" मी विचारलं. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे असं विचारायचा मला हक्क आहे, हे मीच ठरवलेलं आहे.

"आलेखावर. सगळं पाठ होतं, तरी."

"मग मराठीत सांग."

"नक्को गं आजी. मराठीत मला भाजी घेता येते, फिजिक्स नाही."

"सांग तर."

तिने अडखळत सुरुवात केली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकावर सोडायचा. तो आतल्या एखाद्या प्रोटॉनला धडकतो, त्याला बाहेर उडवतो आणि स्वतः वळून निघून जातो. त्यात त्याची किती ऊर्जा गेली ते मोजायचं. अशा पुष्कळ धडका मोजून आलेख काढला की एक उंचवटा दिसतो. "पण तो सुळक्यासारखा नसतो, चांगला पसरट असतो. का, ते विचारलं त्यांनी. प्रोटॉन तर आत बसलाय ना..."

"बसलाय? कोणी सांगितलं?"

"तूच. मी छोटी होते तेव्हा. डब्यातल्या लाडवांसारखे बसलेत म्हणालीस."

म्हणाले असेन. तरुणपणी या बाई, म्हणजे मीच, कडक इस्त्रीची साडी नेसून फळ्यावर गोल काढायच्या, त्यात टिंबं भरायच्या आणि सांगायच्या, "हे इथे बसलेले असतात." जणू स्वतः पाट मांडून आल्या होत्या. वर्गात कोणी शंका काढत नाही याचा बाईंना केवढा अभिमान. शंका काढायची टाप होती कुणाची?

"गौलीगुड्याच्या स्टँडवर बस लागली की लोक कसे पळतात?" मी म्हटलं. "त्या गर्दीत तू घुसलीस. उभा असलेला, समोरून येणारा, पुढे पळणारा, सगळ्यांशी सारखीच धडक होईल?"

"नाही. दर वेळी वेगळी." ती थांबली. "हौ. प्रोटॉन आत पळतायत. म्हणून दर धडकेत ऊर्जा कमीजास्त जाते. म्हणून पसरट. आजी, हे सूत्रात होतं गं, मी रोज लिहीत होते."

सोमवारी ती दार लोटून लॅपटॉपवर मुलाखतीला बसली. मी बाहेर, शेंगा सोलायच्या निमित्ताने. पसरटपणाचं तिने इंग्रजीत झकास सांगितलं. मग त्यांनी पुढचं विचारलं: कधी कधी दोन कण जोडीने उडतात, ते नेमकं कसं? ती म्हणाली, "हे मला माहीत नाही. तेच शोधायला यायचंय."

हातातली शेंग तशीच राहिली. इतकं सरळ "माहीत नाही" मला पन्नाशीपर्यंत जमलं नव्हतं.

जागा मिळाली. तिची आई रडली. मी विचारलं, "मग ते जोडीचं कधी कळणार मला?"

"चार-पाच वर्षं तरी लागतील, आजी."

"जरा घाई कर बाई," मी म्हटलं.