सुलतानांच्या डोक्याचं माप

सुलतानांच्या डोक्याचं माप पाक लोंग महीदिनच्या उजव्या गुडघ्यात होतं. कुआला बिदारात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

थोरल्या काकाला आमच्याकडे पाक लोंग म्हणतात. महीदिनला सख्खा पुतण्या एकही नव्हता, तरी सारं गाव त्याला पाक लोंगच म्हणे. तो राजवाड्याचा पगडबंद. चौकोनी जरीकापडाला खळ द्यायची, इस्त्री फिरवायची, मग चटईवर बसून उजवा पाय दुमडून गुडघा वर घ्यायचा आणि त्या गुडघ्यावर कापड ओढत, घडी घालत पगडी बसवायची. त्या पगडीला तेंगकोलोक म्हणतात. तिची घडी प्रत्येक सुलतानाची वेगळी असते आणि तो गेला की त्याच्याबरोबर जाते. या सुलतानांची घडी डाव्या कानावर वळलेल्या पानासारखी होती. ती महीदिननंच शोधून काढली होती.

राजाचं डोकं आयुष्यात एकदाच मोजायचं, गादीवर बसण्याआधी. दुसऱ्यांदा माप घेतात ते कफनाचं. म्हणून राज्यारोहणाच्या आदल्या आठवड्यात तरुण महीदिननं कच्च्या सुताचा धागा तरुण सुलतानांच्या कपाळाभोवती फिरवला, घरी येऊन तो आपल्या गुडघ्याभोवती लावून पाहिला, वाटीच्या एक बोट वर तो नेमका बसला, आणि रीतीप्रमाणे धागा नदीत सोडून दिला. त्या दिवसापासून माप कुठे लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या हाडामांसात होतं.

राज्यारोहणाच्या सकाळी पगडी डोक्यावर ठेवण्याचा मानही त्याचाच. बाहेर नौबत वाजत होती. त्याच्या बोटांना सुलतानांची कानशिलं लागली तेव्हा ती घामानं ओली होती.

"तुआन्कु, श्वास घ्या," महीदिन पुटपुटला. तुआन्कु म्हणजे महाराज.

"घेतोय की," सुलतान ओठ न हलवता म्हणाले. "बाहेर सोडायचा विसरतोय."

त्यानंतरची वर्षं आम्हाला पगड्यांवरून आठवतात. हिरव्या जरीची पगडी घालून सुलतान महापुराच्या वर्षी होडीतून गावोगाव फिरले आणि ती चिखलानं इतकी माखली की महीदिन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. विधानसभेत दोन्ही बाजूंना सारखेच आमदार निवडून आले, त्या वर्षीची काळी. तेव्हा सुलतानांनी एकेका आमदाराला बोलावून समोर बसवलं, चहा पाजला आणि एकच प्रश्न विचारला, तुमचा विश्वास कुणावर आहे. दुपारपर्यंत मुख्यमंत्री ठरला. तो सुलतानांच्या आवडीचा नव्हता हे आम्ही सगळे जाणून होतो. सुलतानांनी त्याच संध्याकाळी त्याला शपथ दिली आणि पुढे कधी त्यावर अवाक्षर काढलं नाही. दर वर्षी विधानसभेच्या उद्घाटनाला ते सरकारनं लिहून दिलेलं भाषण वाचत. त्यात "माझं सरकार" हे शब्द यायचे. ते शब्द ते दर मुख्यमंत्र्यासाठी सारख्याच आवाजात म्हणत.

इकडे महीदिन गुडघा सांभाळत होता. तो फुटबॉल खेळला नाही, नारळावर चढला नाही, लग्नात त्यानं पाहुण्यांसाठी जड भांडी उचलली नाहीत. त्याची बायको सापियाह शेजारणींना सांगे, "माझ्या संसारात सवत आहे. ती यांच्या उजव्या पायात राहते."

"सवत नाही, सुलतान आहेत," महीदिन म्हणे.

"मग सुलतानांना सांगा, अबांग, जरा उठून विहिरीचं पाणी आणा म्हणावं."

अबांग म्हणजे दादा. आमच्याकडे बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात, रागावल्या असल्या तरी.

महीदिन आणि सुलतान दोघंही साठीच्या पुढे गेल्यावर गोष्ट बदलली. सुलतानांच्या वाढदिवसाची कवायत टीव्हीवर लागली होती. महीदिननं पाहिलं, पगडी भुवयांकडे उतरली होती. सुलतान मान अगदी ताठ ठेवून उभे होते. पूर्वी ते सैनिकांच्या सलामीला हलकेच मान झुकवत. या खेपेला झुकवली नाही. पुढच्या ईदेलाही तेच.

चहाच्या टपरीवर लगेच चर्चा सुरू झाली. "तुआन्कु खंगलेत," कुणी म्हणालं. "चेहरा पाहिलात ना, पगडीत बुडालाय." दुसरा म्हणाला, "मानेत काहीतरी आहे. मान वळवतच नाहीत." तिसऱ्यानं तर कुठल्या देशात उपचार चालू आहेत तेही सांगितलं.

महीदिन चहा तसाच टाकून घरी आला. आपण तीच खळ देतो, तीच घडी घालतो, तेच माप. पगडी सैल होतेय म्हणजे डोकं झिजतंय. त्याला दुसरं काही सुचेना. पुन्हा मोजून बघणं तर शक्यच नव्हतं. जिवंत राजाभोवती दुसरा धागा फिरवायचा विचारही त्याला सहन झाला नाही. तो नमाजानंतर जास्त वेळ बसू लागला. ज्या माणसाच्या डोक्याला आपण आयुष्यभर आकार दिला तो आता जाणार, आणि हे सगळ्यांत आधी आपल्यालाच कळलंय, असं त्याला वाटे.

उठताना मात्र तो भिंतीचा आधार घेई. सापियाह ते बघत होती. एके दुपारी ती नदीच्या माशाचं कालवण ढवळता ढवळता थांबली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"पाय पुढे करा. दोन्ही."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

तिनं दोन्ही हातांनी आधी डावा गुडघा धरला. बोटांना बोटं भिडली नाहीत, थोडं अंतर राहिलं. मग उजवा धरला. अंतर दुपटीनं वाढलं.

"अबांग, तुआन्कुंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुमचा गुडघा सुजलाय."

महीदिननं पाय ओढून घेतला. "या गुडघ्याला काही होत नाही."

"वर्षभर तुमच्या पँटची उजवी शिवण मी उसवून सैल करतेय. मला वाटलं, पाण्यानं कापड आटलं असेल. एकाच पायाचं कसं आटेल, हे मला सुचू नये? मी पण मूर्खच."

तो त्या दिवशी जेवला नाही. सुलतान बरे आहेत याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली. हा गुडघा गेला म्हणजे माप गेलं. माप गेलं म्हणजे त्याचं काम गेलं. आणि विधानसभेचं उद्घाटन आठवड्यावर आलं होतं. भर सभेत राजाच्या डोक्यावरून पगडी घसरली तर तो अपशकुन पिढ्यान् पिढ्या सांगितला जाईल, आणि त्याबरोबर महीदिनचं नावही.

दुसऱ्या दिवशी तो राजवाड्यावर गेला. दातो हा किताब मिळालेले कारभारी यूनुस त्याला सुलतानांकडे घेऊन गेले. सुलतान नदीकडच्या ओवरीत वर्तमानपत्र वाचत होते. महीदिननं दोन्ही हात कपाळाशी नेऊन मुजरा केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गुडघा, सूज, पँटची शिवणसुद्धा. "मला मोकळं करा, तुआन्कु. माझ्याकडे आता माप नाही."

सुलतानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "यूनुस, ईदेची पगडी आण."

दातोंनी पितळी तबकातून पगडी आणली. सुलतानांनी ती उलटी करून महीदिनपुढे धरली. आत, कडेनं, मऊ सुती कापडाची पट्टी टाचलेली होती. टाके वेडेवाकडे होते.

"हे कुणी शिवलं?" महीदिननं विचारलं.

"माझ्या बायकोनं. तिला शिवण येत नाही, दिसतंयच." सुलतान हसले. "आधी एक पदर घातला होता. आता तीन आहेत. तरी मान वाकवली की सरकते. म्हणून वाकवत नाही."

"तुआन्कुंना माहीत होतं?"

"माझं डोकं मला माहीत नसेल?"

महीदिन म्हणाला, "टपरीवर लोक म्हणतात, तुआन्कु आजारी आहेत."

"टपरीवरच कशाला? मुख्यमंत्र्यांनी दोनदा डॉक्टर पाठवले. रक्त तपासून गेले बिचारे." सुलतानांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "मी सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी असा येऊन उभा राहिला असतास. मोकळं करा म्हणत. म्हटलं, बोलू दे लोकांना. आजारी म्हटल्यानं कुणी आजारी पडत नाही."

महीदिननं खाली पाहिलं. जमिनीवरच्या फरशा त्याला नीट दिसत नव्हत्या.

"आणि मोकळं करून पुढे काय?" सुलतान म्हणाले. "ही घडी दुसऱ्या कुणाला येते?"

"घडी शिकवता येईल. माप नाही शिकवता येत. आणि मोजायचं तर नाही."

"मोजू नकोस. बांध."

"कशावर?"

सुलतानांनी आपल्या डोक्यावर टिचकी मारली.

दातो यूनुस दचकले. बसलेल्या सुलतानांपेक्षा उंच कुणी उभं राहत नाही, हे त्यांनी अदबीनं लक्षात आणून दिलं.

"मग मी उभा राहतो."

"मग पाक लोंगला चौरंगावर चढावं लागेल, तुआन्कु. तो तर अजून उंच होईल."

तिघंही विचारात पडले. मार्ग सुलतानांनाच सापडला. राजवाड्यामागे नदीत उतरणारा दगडी घाट आहे. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते वरच्या पायरीवर बसले आणि महीदिन चार पायऱ्या खाली उभा राहिला. त्याचं डोकं सुलतानांच्या हनुवटीखाली, हात वर. मागची बाजू घ्यायची वेळ आली की तो म्हणे, "तुआन्कु, वळा," आणि सुलतान पायरीवर सरकत पाठमोरे होत. उजव्या गुडघ्यावर भार पडू नये म्हणून दातोंनी त्याच्या कमरेला आपला हात लावून ठेवला होता, आणि आपण हे काय करतोय असा त्यांचा चेहरा होता.

खळ दिलेलं ओलसर कापड हळूहळू वळत गेलं. महीदिनच्या बोटांखाली पुन्हा तीच कानशिलं आली. केस पिकले होते. बाजूची शीर थोडी वर आली होती. डोकं मात्र तेवढंच होतं.

सुलतानांनी वेळ जावा म्हणून खिशातून भाषण काढलं आणि वाचू लागले. "माझं सरकार यंदा..."

"बोलू नका, तुआन्कु. कपाळ हलतं."

"सगळ्या राज्यात मला असं गप्प बसवणारे दोघंच. एक राज्यघटना, दुसरा तू."

"आता हसू पण नका."

खळ सुकेपर्यंत नदीवरून वारा येत राहिला. महीदिननं पगडी अलगद उतरवली तेव्हा तिच्या आत पट्टी नव्हती, टाका नव्हता.

दुसऱ्या दिवशी टपरीवर बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही बरेच जण महीदिनच्याच घरी टीव्हीसमोर बसलो. सापियाहनं पिवळा भात केला होता. सुलतान सभागृहात आले, आसनापाशी थांबले, आणि सदस्यांकडे वळून त्यांनी मान झुकवली. घाई न करता, पुरती. पगडी जागची हलली नाही.

"बघा, बरे झाले तुआन्कु," दारातून कुणीतरी म्हणालं.

महीदिन पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ गेला. "डावं पान जरासं कललंय," तो म्हणाला.

"बाजूला व्हा, अबांग," सापियाह म्हणाली. "आम्हाला दिसत नाहीये."